लादीवर ओतलेले ॲसिड आणि मागे उरणारे क्लोराइड

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोरेगावातील एका घरात लाद्या बदलल्या. काम संपल्यावर लाद्यांवर सांडलेले सिमेंट काढण्यासाठी गवंड्याने पिवळसर ॲसिड ओतून खराट्याने घासले. सिमेंट निघाले; पण बाथरूमच्या संगमरवरी उंबऱ्यावर फेस येऊन तो खरखरीत झाला, स्वयंपाकघरातील कडप्प्यावर पांढुरके डाग पडले आणि नळाची चकाकी गेली. उरलेली बाटली सिंकखाली ठेवली होती, तर शेजारच्या स्टीलच्या डब्यांवर तांबूस ठिपके आले. लाद्यांचे सांधे तर कितीही पुसले तरी पुन्हा ओलसर दिसतात. घरातील मुलगी बारावीला विज्ञान शाखेत आहे. तिचे म्हणणे असे की आम्ल आणि धातू यांपासून क्षार व हायड्रोजन, आम्ल आणि कार्बोनेट यांपासून क्षार, पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. ते झाले, पाण्याने धुतले, आता काही उरले नाही. खरोखर काही उरले नाही का आणि प्रत्येक ठिकाणी नेमके काय तयार झाले, हे प्रश्नकर्त्यांना हवे आहे.

मुलीची समीकरणे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र बरोबर नाही. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात पोलादाच्या पिकलिंगचे, म्हणजे आम्लाच्या टाकीत बुडवून गंज आणि पापुद्रा काढण्याचे, काम पाहतो. तिथे नवीन माणसाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो की बुडबुडे येणे थांबले म्हणजे आम्ल संपले, पण क्लोराइड संपले नाही. गवंड्याने ओतलेले ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि त्याच्या प्रत्येक अभिक्रियेत हायड्रोजनचे काम होऊन जाते. तो वायू होऊन उडतो किंवा त्याचे पाणी होते. क्लोरीनचा वाटा, म्हणजेच क्लोराइड, मात्र कोणत्या तरी धातूशी जोडला जाऊन जिथल्या तिथे राहतो, आणि आपल्या घरातील बहुतेक तक्रारी त्या राहिलेल्या वाट्याच्या आहेत.

आधी बाटलीत काय होते ते पाहू. हायड्रोजन क्लोराइड हा वायू आहे. तो पाण्यात विरघळवला की हायड्रोक्लोरिक आम्ल होते. कारखान्यात वापरले जाणारे आम्ल साधारणपणे ३० ते ३३ टक्के संहत असते, प्रयोगशाळेतील सर्वांत संहत आम्ल ३७ टक्क्यांच्या आसपास असते, आणि शौचालयाच्या सफाईसाठी मिळणाऱ्या द्रावणात ते १० टक्क्यांच्या घरात असते. शुद्ध आम्ल पाण्यासारखे रंगहीन असते. बाजारातील आम्लाला जो पिवळेपणा दिसतो तो बहुधा त्यात मिसळलेल्या लोहाचा, म्हणजे फेरिक क्लोराइडचा असतो. सुमारे २० टक्क्यांच्या वर संहत असलेल्या आम्लातून हायड्रोजन क्लोराइड सतत बाहेर पडत राहतो आणि हवेतील बाष्पाशी मिळून त्याचे धुके होते. मुंबईच्या दमट हवेत बाटली उघडताच जो पांढरा धूर दिसतो तो हाच, आणि सिंकखालच्या डब्यांना जे झाले त्याचे मूळही इथेच आहे.

आता दगड. संगमरवर, कडप्पा, कोटा आणि शहाबाद फरशी या चारही दगडांची मुख्य सामग्री कॅल्शियम कार्बोनेट आहे, हे मुंबईच्या घरांत फार कमी जणांना माहीत असते. कडप्पा काळा आणि टणक असल्याने तो ग्रॅनाइटसारखाच सोशिक असणार असे गृहीत धरले जाते. वस्तुतः तो चुनखडक आहे. आम्ल पडताच कॅल्शियम कार्बोनेटपासून कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हिशेब मांडायचा तर १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटला ७३ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड लागतो आणि त्यातून १११ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, १८ ग्रॅम पाणी आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. ३० टक्के संहत आम्लाच्या एका लिटरमध्ये सुमारे ३४५ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड असतो. म्हणजे तेवढे आम्ल जवळजवळ ४७० ग्रॅम दगड खाऊ शकते आणि शंभराहून अधिक लिटर वायू सोडते. उंबऱ्यावर जो फेस दिसला तो दगडाचाच भाग निघून जाण्याचा होता, मळ निघण्याचा नव्हे. पॉलिश गेले असे आपण म्हणतो, पण पॉलिश हा वरून दिलेला थर नसतो. घासून सपाट केलेले स्फटिक म्हणजेच पॉलिश. आम्लाने ते स्फटिक कमी-अधिक प्रमाणात झिजवले, म्हणून हाताला खरखर लागते. ते पुन्हा घासूनच सपाट करावे लागेल, त्याला रासायनिक उपाय नाही.

ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड लाद्या यांना या आम्लाने काही होत नाही, कारण त्यांतील सिलिकेटे त्याला दाद देत नाहीत. मुंबईचा स्वतःचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हाही एरवी शांत राहतो. पण त्यातल्या पांढऱ्या भरावांवर विरल आम्लाचा थेंब टाकून पाहावा: काही ठिकाणी बुडबुडे येतात, काही ठिकाणी येत नाहीत. येतात तिथे कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेट, असते. येत नाहीत तिथे बहुधा क्वार्ट्झ किंवा झिओलाइट. भूशास्त्राचे विद्यार्थी खिशात विरल आम्लाची छोटी बाटली ठेवतात ती यासाठीच. याच कारणाने फोर्टातील जुन्या इमारतींवरच्या पोरबंदरी दगडाच्या कोरीवकामाला आम्लाचा स्पर्शही होऊ देऊ नये. मालाडचा दगड ज्वालामुखीजन्य असल्याने तो टिकेल, पण त्याच भिंतीतील पोरबंदरी चुनखडकाची नक्षी बोथट होईल. इमारतीची दर्शनी बाजू ॲसिडवॉशने स्वच्छ करून देतो असे सांगणारा कंत्राटदार मला म्हणूनच धोकादायक वाटतो.

सांधे ओलसर का राहतात, याचे उत्तर कॅल्शियम क्लोराइडमध्ये आहे. सिमेंटच्या भरणीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियमची सिलिकेटे असतात. आम्लाने हायड्रॉक्साइडचे उदासिनीकरण होऊन कॅल्शियम क्लोराइड व पाणी तयार होते, आणि सिलिकेटांतील कॅल्शियम निघून जाऊन मागे सिलिकाचा मऊ, चिकट साका उरतो. म्हणून सांधा नखाने उकरला तर भुसभुशीत लागतो. कॅल्शियम क्लोराइड इतके आर्द्रताशोषी आहे की हवेची सापेक्ष आर्द्रता तीसेक टक्क्यांच्या वर असली तरी ते हवेतील पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळते. मुंबईत वर्षाचे बहुतेक दिवस हवा त्याहून पुष्कळ दमट असते. आपण सांधा पुसता ते पाणी नळाचे नसून हवेतून आलेले असते, आणि क्लोराइड जागेवर आहे तोवर ते येतच राहील.

हे केवळ दिसायला वाईट असते तर मी एवढे लिहिले नसते. क्लोराइडचे द्रावण सांध्यांतून खाली झिरपून स्लॅबमधील लोखंडी सळ्यांपर्यंत पोचले, तर तिथे वेगळीच साखळी सुरू होते. सिमेंटच्या तीव्र आम्लारिधर्मी वातावरणात सळीवर ऑक्साइडचा एक पातळ संरक्षक थर असतो. क्लोराइड आयन तो थर जागोजागी फोडतात. उघड्या पडलेल्या लोखंडापासून फेरस क्लोराइड होते. त्यावर ऑक्सिजन आणि पाणी यांची क्रिया होऊन गंज तयार होतो आणि हायड्रोक्लोरिक आम्ल पुन्हा मोकळे होते. ते पुन्हा लोखंडाला लागते. या फेऱ्यात क्लोराइड खर्चच होत नाही. समुद्राकाठच्या शहरात स्लॅबचे पोपडे पडून सळ्या उघड्या दिसतात, त्यामागे खाऱ्या हवेतील क्लोराइडची हीच करणी असते. ॲसिडने लादी धुणारा ती स्वतःच्या हाताने घरात आणतो. एकदाच ओतलेल्या थोड्या आम्लाने स्लॅब धोक्यात येत नाही, हेही स्पष्ट करतो. दर महिन्याला बाथरूम ॲसिडने धुण्याची सवय मात्र वाईट.

लोखंडाविषयी पाठ्यपुस्तकातील एक गोष्ट विद्यार्थी हमखास चुकवतात. लोखंड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांपासून फेरस क्लोराइड आणि हायड्रोजन मिळतो, फेरिक क्लोराइड नव्हे. फेरिक क्लोराइड मिळते ते गंजापासून, म्हणजे फेरिक ऑक्साइडपासून, आणि त्या अभिक्रियेत हायड्रोजन न निघता पाणी तयार होते. पिकलिंगच्या टाकीत दोन्ही एकाच वेळी चालू असतात: गंज विरघळून होणारे फेरिक क्लोराइड शेजारच्या उघड्या लोखंडाशी क्रिया करून लगेच फेरस होते. म्हणून काम करणाऱ्या टाकीचे द्रावण हिरवट दिसते, आणि तेच बादलीत काढून उघड्यावर ठेवले की हवेतील ऑक्सिजनने पिवळसर तपकिरी होत जाते. आम्हाला गंज काढायचा असतो, लोखंड नव्हे. म्हणून आम्लात हेक्झामिनसारखा इनहिबिटर घालतात. तो स्वच्छ धातूच्या पृष्ठभागाला चिकटून त्याची झीज रोखतो, गंजाला मात्र विरघळू देतो. ज्यांना फक्त समीकरण पाहायची सवय आहे त्यांना हे नवल वाटते, पण इनहिबिटर नसलेल्या टाकीत रात्रभर विसरलेला माल सकाळी पाहिला की ते नवल उरत नाही.

त्या टाकीतील हायड्रोजनही दुर्लक्षण्यासारखा नसतो. ५६ ग्रॅम लोखंड विरघळले की २ ग्रॅम, म्हणजे प्रमाण तापमान व दाबाला २२.४ लिटर हायड्रोजन निघतो. टाकीवर हवा खेळती नसेल तर वेल्डिंगची एक ठिणगी पुरते. काही हायड्रोजन वायू न होता अणुरूपात पोलादातच शिरतो आणि उच्च ताकदीचे बोल्ट किंवा स्प्रिंगा ठिसूळ करतो. म्हणून अशा मालाला मुलामा दिल्यावर तो सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवतात. थकलेले द्रावणही फुकट जात नाही. मोठ्या पोलाद कारखान्यांत ते तप्त भट्टीत फवारतात. फेरस क्लोराइड, पाणी आणि ऑक्सिजन यांपासून फेरिक ऑक्साइडची लाल भुकटी आणि हायड्रोजन क्लोराइड मिळतो. भुकटी फेराइट चुंबकांकडे जाते, वायू पाण्यात शोषून पुन्हा आम्ल होते.

इतर धातूंचे थोडक्यात. जस्त झपाट्याने विरघळून झिंक क्लोराइड आणि हायड्रोजन देते; म्हणून ॲसिड कधीही जस्ताच्या बादलीत ओतू नये. धातूच्या भांड्यांना डाग देणारे, म्हणजे सोल्डरने सांधे जोडणारे, कारागीर मात्र मुद्दाम आम्लात जस्ताचे तुकडे टाकून झिंक क्लोराइड करून घेतात आणि ते फ्लक्स म्हणून, म्हणजे जोडायचा धातू साफ करण्यासाठी, वापरतात. ॲल्युमिनियम फसवे आहे: वरच्या ऑक्साइडमुळे सुरुवातीला काही होत नाही, आणि तो थर गेला की उष्णता व हायड्रोजन इतक्या वेगाने निघतात की द्रावण उसळते. सरकत्या खिडक्यांच्या चौकटी धुताना हे लक्षात ठेवावे. तांब्याला एकटे हायड्रोक्लोरिक आम्ल विरघळवू शकत नाही, कारण तांबे हायड्रोजनला विस्थापित करत नाही. पण त्यावरचे काळे ऑक्साइड मात्र ते सहज काढते. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा नेमके हेच घडते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतात. दुसरा तांब्यावरचे ऑक्साइड काढून कथलाला चिकटायला स्वच्छ धातू देतो, आणि दोघांची हवेत पुन्हा गाठ पडली की जो पांढरा धूर उठतो तो पुन्हा नवसागरच. सोन्याला हे आम्ल स्पर्शही करत नाही. नायट्रिक आम्लाबरोबर मिसळून त्याचे अम्लराज केले तरच सोने विरघळते, आणि त्या वेळी सोन्यात मिसळलेली चांदी मात्र सिल्व्हर क्लोराइड होऊन तळाशी बसते.

आपल्या नळावर क्रोमियमचा अतिशय पातळ थर असतो, त्याखाली निकेल आणि त्याखाली पितळ. मुलाम्याच्या कारखान्यात जुना क्रोम उतरवायला आम्ही हायड्रोक्लोरिक आम्लच वापरतो, त्यामुळे नळाचे जे झाले त्यात आश्चर्य नाही. आता नळाला किंचित पिवळसर झाक दिसत असेल तर क्रोमियम जाऊन निकेल उघडे पडले आहे. गुलाबी ठिपके दिसत असतील तर आम्ल पितळापर्यंत पोचून त्यातील जस्त निघून गेले आहे आणि तांबे मागे राहिले आहे. पहिल्या स्थितीतील नळ पुन्हा क्रोम करता येतो, दुसऱ्या स्थितीतील बदललेला बरा. डब्यांच्या बाबतीत आम्ल सांडलेलेच नाही. बाटलीच्या झाकणातून निसटलेली वाफ थंड स्टीलवर दवासारखी बसली आणि तिच्यातील क्लोराइडने स्टेनलेस स्टीलचा क्रोमियम ऑक्साइडचा थर टिंबाटिंबांनी फोडला. हे ठिपके वरवरचे असतील तर बारीक पावडरने घासून निघतात, खोल गेले असतील तर नाही.

आता प्रश्नात नसलेली, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ब्लीच यांची गाठ पडू देऊ नये. सोडियम हायपोक्लोराइट आणि हे आम्ल यांपासून मीठ, पाणी आणि क्लोरीन वायू मिळतो. सोसायटीच्या टाकीसाठी आणलेल्या टीसीएल पावडरपासूनही, म्हणजे ब्लीचिंग पावडरपासूनही, तेच, फक्त मिठाऐवजी कॅल्शियम क्लोराइड. ५ टक्क्यांचे १०० मिलिलिटर ब्लीच पूर्णपणे अभिक्रियेत गेले तर सुमारे दीड लिटर क्लोरीन निघतो. मुंबईतील बाथरूम साधारण ४ घनमीटरचे धरले तर हवेच्या दहा लाख भागांत क्लोरीनचे जवळजवळ ४०० भाग झाले. १० भागांनाच जिवाला तातडीचा धोका मानतात. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड असल्याने तो खाली बसून लादी घासणाऱ्याच्या नाकाशीच साचतो. लाद्यांवर आदल्या दिवशी ब्लीच टाकले असेल आणि नीट धुतले नसेल तरीही हे घडू शकते.

तुंबलेल्या मोरीच्या पाइपात ॲसिड ओतण्याची पद्धतही तितकीच वाईट. तिथल्या काळ्या गाळात आयर्न सल्फाइड असते आणि आम्लाने त्यापासून हायड्रोजन सल्फाइड मोकळा होतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते, त्यामुळे वास गेला म्हणजे वायू गेला असे समजणे जीवघेणे ठरते. आधी कॉस्टिक सोडा टाकून उपयोग झाला नाही म्हणून त्यावर ॲसिड ओतले, तर तयार होते फक्त मीठ आणि पाणी, पण उदासिनीकरणाच्या उष्णतेने ते उकळून तोंडावर उडते.

उरलेल्या बाटलीचे काय करावे? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधने आली आहेत. बिनलेबलची बाटली गवंड्याकडून घेऊन घरात ठेवणे कोणत्याच दृष्टीने योग्य नाही. ती गवंड्याला बंद झाकणासह परत न्यायला सांगावे. ते शक्य नसेल आणि आम्ल थोडेच असेल तर गच्चीसारख्या मोकळ्या जागी, हातमोजे व चष्मा घालून, प्लास्टिकच्या मोठ्या बादलीत त्याच्या किमान दहापट पाणी घ्यावे आणि त्या पाण्यात आम्ल हळूहळू सोडावे, आम्लात पाणी नव्हे. मग खाण्याचा सोडा चमच्याचमच्याने घालत जावा. ३० टक्के संहत आम्लाच्या एका लिटरला सुमारे ८०० ग्रॅम सोडा लागतो. नवीन सोडा टाकल्यावर बुडबुडे येईनासे झाले की उरते ते खारे पाणी.

सांध्यांवर मात्र नुसता सोडा फिरवून भागणार नाही. धुण्याच्या सोड्याने उरलेसुरले आम्ल मरते आणि कॅल्शियम क्लोराइडचे कॅल्शियम कार्बोनेट व मीठ होते, पण क्लोराइड मिठाच्या रूपाने तिथेच राहते, आणि पावसाळ्यात मिठालाही पाणी सुटते. म्हणून सोड्यानंतर स्वच्छ पाण्याने वारंवार धुवावे, प्रत्येक वेळी पाणी साचू न देता वायपरने व फडक्याने उचलून घ्यावे, आणि जे सांधे तरीही ओलावतात त्यांवर पांढऱ्या शोषक कागदाचा ओला लगदा थापून तो पूर्ण वाळू द्यावा. वाळताना तो आतील क्षार ओढून घेतो. भुसभुशीत झालेली भरणी त्यानंतर उकरून नवीन भरावी, आधी नाही.

पुरेसे धुतले गेले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, पण मुलीला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज पाहता येईल. सांध्यावरून फिरवलेले थोडे पाणी एका परीक्षानळीत घ्यावे, त्यात विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत. क्लोराइड असेल तर सिल्व्हर क्लोराइडचा दह्यासारखा पांढरा साका येतो, उजेडात तो जांभळट करडा होत जातो आणि अमोनियाच्या द्रावणात विरघळतो. नळाच्या पाण्यातही थोडे क्लोराइड असतेच, त्यामुळे शेजारच्या परीक्षानळीत घरच्याच नळाचे साधे पाणी घेऊन तीच कृती करावी आणि दोन्ही नळ्या काळ्या कागदासमोर धरून पाहाव्यात. दोन्हींतील गढूळपणा सारखाच दिसू लागला की सांध्यांचे धुणे थांबवायला हरकत नाही.